जेम्स जेमर्सन

जेम्स ली जेमर्सन (जन्म : एडिस्टो बेट, दक्षिण कॅरोलिना, अमेरिका, २९ जानेवारी १९३६, मृत्यू : लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, २ ऑगस्ट १९८३) हे एक अमेरिकन बासवादक होते. डेट्रॉईट शहरातील मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या वादकवृंदात त्यांनी १९५९ पासून सुमारे चौदा वर्षे वादन केले. या काळात मोटाउनने प्रसिद्ध केलेल्या असंख्य लोकप्रिय गाण्यांतील बासचे वादन त्यांचे आहे. अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या साप्ताहिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचलेली वीसहून अधिक गाणी त्यांत मोडतात. मात्र कारकिर्दीच्या बहुतेक काळात ध्वनिमुद्रिकांवर त्यांचे नाव छापले गेले नाही. जगाने त्यांचे वादन ऐकले, पण वादक कोण हे जगाला ठाऊक नव्हते.

त्यांच्या निधनानंतर एका चरित्रग्रंथामुळे, एका माहितीपटामुळे आणि विशेषतः मूळ ध्वनिफितींतून वेगळ्या काढलेल्या बासच्या सुट्या ध्वनिमुद्रणांमुळे त्यांच्या कामाचे खरे स्वरूप लोकांसमोर आले. विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी बासवादकांमध्ये आज त्यांची गणना होते.

## बास म्हणजे काय

पाश्चात्त्य वाद्यवृंदात सर्वांत खालच्या पट्टीतील स्वर धरून ठेवणाऱ्या वाद्याला बास म्हणतात. पूर्वी हे काम माणसाहून उंच असे उभे तंतुवाद्य, म्हणजे डबल बास, करीत असे. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांच्या कंपनीने प्रिसिजन बास ही विजेवर चालणारी चार तारांची बास गिटार बाजारात आणली. त्यानंतर लोकप्रिय संगीतात हळूहळू तिने डबल बासची जागा घेतली.

बासवादकाकडे एकाच वेळी दोन कामे असतात. गाणे कोणत्या स्वराच्या आधारावर उभे आहे हे त्याला दाखवावे लागते आणि तालवाद्याशी जुळवून घेत लयही पुढे न्यावी लागते. आपल्याकडे तंबोऱ्याचा खर्ज आणि पखवाजाची धुमा ही दोन कामे वाटून घेतात. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात चाललेल्या कीर्तनाचे उदाहरण घेतल्यास हे सहज ध्यानात येईल. श्रोत्यांचे लक्ष कीर्तनकाराच्या निरूपणाकडे आणि अभंगाच्या चालीकडे असते. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावून मिळवलेला तो घुमारदार आवाज बहुतेकांच्या कानावर पडतो, परंतु त्याचा वेगळा विचार कोणी करीत नाही. तो क्षणभर थांबला, तर मात्र सारे कीर्तनच उघडे पडल्यासारखे वाटते. सोल संगीतात बासचे स्थान असेच आहे. चर्चमधील भक्तिगीते आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात १९५०च्या दशकात जी गायनपद्धती घडली, तिला सोल संगीत म्हणतात.

## बालपण

जेमर्सन यांचा जन्म चार्ल्स्टन शहराजवळच्या एडिस्टो बेटावर झाला. वडिलांचे नावही जेम्स जेमर्सन होते. ते जहाजबांधणीच्या गोदीत काम करीत. आई एलिझाबेथ घरकामाला जात. आईवडील वेगळे झाल्यावर लहानग्या जेम्सचा काही काळ आजीच्या आणि नातेवाइकांच्या घरी गेला. आजी पियानो वाजवीत आणि आत्या चर्चच्या गायकवृंदात गात असे. जेम्स प्रथम पियानोवर बसले ते याच वातावरणात. रेडिओवरून ऐकू येणारे भक्तिसंगीत, ब्लूज आणि जॅझ हा त्यांचा दुसरा वर्ग होता.

दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील या बेटांवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी आपली बोली आणि गाण्याची रीत पुष्कळ अंशी टिकवून ठेवली होती. त्या रीतीत टाळ्या आणि पायांचे ठोके यांना मोठे महत्त्व होते. जेमर्सन यांच्या वादनात लयीची जी गुंतागुंत पुढे दिसते, तिची पार्श्वभूमी अभ्यासक येथे शोधतात. लहानपणी ते जमिनीत काठी रोवून तिला रबर ताणून बांधीत आणि त्यातून सूर काढीत, अशी आठवण त्यांच्या चरित्रात आली आहे.

## डेट्रॉईट आणि संगीतशिक्षण

१९५४ मध्ये जेमर्सन आईसोबत उत्तरेकडील डेट्रॉईट शहरात आले. मोटारींच्या कारखान्यांमुळे दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळी तेथे स्थलांतरित होत होती. जेमर्सन यांनी नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि शाळेच्या संगीत विभागातील डबल बास हाती घेतला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. या वाद्याची सुरुवात करण्यास हे वय काहीसे उशिराचेच होते. मात्र शाळेतल्या शिक्षणामुळे त्यांना स्वरलिपी वाचण्याची चांगली सवय झाली. पुढे ध्वनिमुद्रणाच्या कामात ती त्यांना फार उपयोगी पडली.

रे ब्राउन, पॉल चेंबर्स आणि पर्सी हीथ हे जॅझमधील बासवादक त्यांचे आदर्श होते. विद्यार्थिदशेतच ते शहरातील क्लबांमध्ये आणि लग्नसमारंभांत वाजवू लागले. याच काळात ॲनी वेल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये झाली. थोरला मुलगा जेम्स जेमर्सन (धाकटे) हाही पुढे बासवादक म्हणून नावारूपाला आला.

## मोटाउनमधील प्रवेश

मोटारीच्या कारखान्यात काही काळ काम केलेले गीतकार बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबीयांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील एक दुमजली घर त्यांनी विकत घेतले आणि मागच्या बाजूला ध्वनिमुद्रणाची खोली तयार केली. घराच्या दर्शनी भागावर हिट्सव्हिल यू.एस.ए. अशी पाटी लागली. जेमर्सन त्याच वर्षी येथे वाजवू लागले. आरंभी ते जॅकी विल्सन यांसारख्या गायकांबरोबर दौऱ्यांवरही जात. १९६४ नंतर मात्र त्यांचा बहुतेक वेळ ध्वनिमुद्रणातच जाऊ लागला.

ध्वनिमुद्रणाची ही खोली लहान होती. छतावरून वायरी लोंबकळत असल्यामुळे वादक तिला स्नेकपिट, म्हणजे सापांचा खड्डा, म्हणत. तेथे नियमित वाजवणाऱ्या वादकांच्या गटाला फंक ब्रदर्स हे नाव पडले. ड्रमवादक बेनी बेंजामिन, कळफलकवादक अर्ल व्हॅन डाइक, गिटारवादक रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना, डफवादक जॅक ॲशफर्ड हे त्यांतील काही प्रमुख वादक होत. यांपैकी अनेक जण मूळचे जॅझवादक होते. दिवसा ते तीन मिनिटांची गाणी मुद्रित करीत आणि रात्री शहरातील क्लबांत मनसोक्त जॅझ वाजवीत.

मोटाउनमध्ये गाणी कारखान्यातल्या शिस्तीने तयार होत. संगीतसंयोजक वादकांपुढे स्वरसंगतींचा एक कागद ठेवीत. कधी बासचे स्वर पूर्ण लिहिलेले असत, तर कधी केवळ सूचना असे. पुष्कळदा त्या कागदावरील खुणांतून प्रत्यक्ष बासची चाल जेमर्सन तेथल्या तेथे रचीत. त्यांना हे स्वातंत्र्य दिल्याने गाणे अधिक चांगले होते, हे गीतकार-निर्मात्यांच्या लवकरच लक्षात आले होते.

## वाद्ये

जेमर्सन यांनी आरंभीची गाणी डबल बासवर वाजवली. मेरी वेल्स यांच्या 'माय गाय' (१९६४) या गाण्यातही डबल बासच आहे. मात्र १९६०च्या सुमारास ते फेंडर प्रिसिजन बास वापरू लागले होते. त्यांची पहिली बास गिटार एका सहकारी वादकाने दिलेली होती. ती चोरीला गेली. त्यानंतर घेतलेली १९६२ सालची प्रिसिजन बास त्यांनी अखेरपर्यंत वापरली. या वाद्यावर त्यांनी फंक हा शब्द कोरला होता आणि तिला ते फंक मशीन म्हणत.

या वाद्यावर सपाट वेष्टनाच्या जाड तारा होत्या. त्या तुटल्याखेरीज ते बदलत नसत, कारण जुन्या, मळलेल्या तारांचा आवाजच त्यांना हवा असे. तारा पट्टीपासून बऱ्याच उंचावर असल्याने त्या दाबण्यास ताकद लागे. घोडीवरील झाकणाखाली फोमचा तुकडा होता. त्यामुळे स्वर फार वेळ घुमत न राहता भरीव उमटून लवकर विरे. दोन स्वरांच्या मध्ये ही मोकळी जागा मिळाल्यामुळेच पुष्कळ स्वर वाजवूनही त्यांचे वादन कधी गिचमिड झाले नाही.

## वादनपद्धती

बास गिटार वाजवताना बहुतेक वादक उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने वापरतात. जेमर्सन केवळ तर्जनी वापरीत. डबल बास वाजवताना लागलेली ही सवय त्यांनी कायम ठेवली. वाकवलेल्या या एका बोटाला सहकाऱ्यांनी हूक असे नाव दिले होते. त्यांच्या वादनाची पुढील वैशिष्ट्ये सांगता येतील :

* मोकळ्या तारांचा वापर : हात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना ते मधे मोकळी तार छेडीत. त्यामुळे वादनात खंड पडत नसे.
* अर्ध्या स्वरांच्या पायऱ्या : एका आधारस्वरावरून दुसऱ्यावर जाताना ते सरळ उडी न घेता मधले कोमल-तीव्र स्वर घेत जात. हा संस्कार जॅझचा होता.
* आड लय : अपेक्षित मात्रेच्या किंचित आधी किंवा दोन मात्रांच्या मधल्या जागी ते स्वर टाकीत आणि तरीही मूळ लय हलू देत नसत.
* दाबलेले स्वर : काही ठिकाणी तार नुसती स्पर्शून ठोक्यासारखा आवाज काढला जाई. तो स्वर म्हणून ऐकू येत नाही, पण लयीत भर घालतो.
* आधारस्वराची अदलाबदल : स्वरसंगतीचा मूळ स्वर न वाजवता तिच्यातीलच दुसरा स्वर खाली ठेवून ते गाण्याचा रंग पालटीत.

## सुटी ध्वनिमुद्रणे आणि त्यांतून होणारे दर्शन

मोटाउनमध्ये गिटार आणि बास यांचा आवाज ध्वनिक्षेपकासमोर माईक ठेवून घेण्याऐवजी थेट मिक्सरमध्ये घेण्याची पद्धत होती. कंपनीतील अभियंते माइक मॅकलीन यांनी त्यासाठी उपकरणे बनवली होती. आरंभीच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर तीनच ट्रॅक होते. त्यामुळे सर्व तालवाद्ये, बास आणि गिटार एकाच ट्रॅकवर मिसळून मुद्रित होत आणि ती पुन्हा वेगळी करणे शक्य नसे. १९६५च्या सुमारास आठ ट्रॅकचे यंत्र आले आणि बासला स्वतःचा वेगळा ट्रॅक मिळाला. मिश्रण अधिक चांगले करता यावे एवढाच त्यामागील हेतू होता. परंतु याच तांत्रिक बदलामुळे जेमर्सन यांचे वादन, इतर सर्व आवाजांपासून वेगळे, पुढच्या पिढ्यांसाठी जपले गेले.

त्या काळी ही गाणी लोक मोटारीतल्या रेडिओवर किंवा लहान ट्रान्झिस्टरवर ऐकत. त्या लहान ध्वनिक्षेपकांतून बासचा आवाज अर्धामुर्धाच उमटे. संगणकयुगात मूळ ट्रॅकच्या प्रती अभ्यासकांपर्यंत आणि रसिकांपर्यंत पोहोचल्या, तेव्हा चाळीस वर्षे तोंडपाठ असलेल्या गाण्यांत असे काही दडले होते याचे अनेकांना आश्चर्य वाटले. गायक नाही, ड्रम नाहीत, व्हायोलिने नाहीत. उरते ती केवळ एका माणसाने एका बोटाने वाजवलेली चाल. ती साथ असूनही आरंभ, विस्तार आणि शेवट असलेली स्वतंत्र रचना वाटते.

अशा ध्वनिमुद्रणांत बारीकसारीक तपशीलही ऐकू येतात. तारेवरून बोट सरकल्याचा आवाज, मिक्सरला थोडा जास्त जोर मिळाल्याने स्वराला आलेली किंचित खरखर, आणि सारे वादक एकाच खोलीत वाजवीत असल्याने मागून झिरपणारा डफ किंवा ड्रम. पूर्ण गाण्यात हे सारे लपून जाते. आजकाल संगणकाच्या साहाय्याने तयार गाण्यातूनही वाद्ये वेगळी काढता येतात, पण त्या प्रक्रियेत आवाजाचा काही भाग गळतो आणि दुसऱ्या वाद्याचे अवशेष चिकटून राहतात. मूळ ट्रॅकवरील सुटे ध्वनिमुद्रण आणि संगणकाने वेगळे केलेले ध्वनिमुद्रण यांतील हा फरक अभ्यासकाने ध्यानात ठेवावा लागतो.

ऐकण्याची उपयुक्त रीत अशी की, आधी पूर्ण गाणे ऐकावे, मग केवळ बास ऐकावा आणि शेवटी पुन्हा पूर्ण गाणे ऐकावे. तिसऱ्या वेळी तेच गाणे वेगळे भासते, कारण गायकाच्या शब्दांना खालून कोण उत्तर देत आहे हे आता कानाला कळलेले असते.

### काही उदाहरणे

'माय गर्ल' (द टेम्प्टेशन्स, १९६४) : हे गाणे आठ ट्रॅकचे यंत्र येण्यापूर्वीचे आहे. तरीही त्याचा आरंभ एकट्या बासने होत असल्यामुळे मूळ गाण्यातच सुटा बास ऐकता येतो. मोजक्या स्वरांची आणि मधे मोकळी जागा सोडणारी ही आकृती एखाद्या शांत पावलासारखी आहे. तिच्यावर रॉबर्ट व्हाइट यांची गिटार चढत्या क्रमाने जे पाच स्वर घेते, ते सा, रे, ग, प, ध म्हणजे भूप रागाचेच स्वर आहेत. त्यामुळे मराठी कानाला ही सुरावट चटकन ओळखीची वाटते. जेमर्सन नेहमीच भरगच्च वाजवीत असा समज या गाण्याने दूर होतो. थोडके वाजवणे केव्हा योग्य, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

'एन्ट नो माउंटन हाय इनफ' (मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल, १९६७) : या युगुलगीतात दोन गायक एकमेकांना साद-प्रतिसाद देतात. सुट्या ध्वनिमुद्रणात असे दिसते की बास हा जणू तिसरा गायक आहे. कडव्यांमध्ये गायकांनी घेतलेल्या श्वासाच्या जागा तो छोट्या फिरतींनी भरून काढतो आणि शब्द सुरू होताच मागे सरतो.

'बर्नाडेट' (फोर टॉप्स, १९६७) : लेव्हाय स्टब्ज यांच्या आर्त, जवळजवळ ओरडण्याच्या टोकाला गेलेल्या गायनाखाली बास सतत अस्वस्थपणे हलत राहतो. अभ्यासक या वादनाला जेमर्सन यांच्या सर्वोत्तम कामांत स्थान देतात.

'फॉर वन्स इन माय लाइफ' (स्टीव्ही वंडर, १९६८) : रॉन मिलर आणि ऑर्लँडो मर्डन यांचे हे गीत मुळात संथ चालीचे होते. स्टीव्ही वंडर यांच्यासाठी ते द्रुत लयीत बांधले गेले. सुटा बास ऐकताना लक्षात येते की एकच आकृती जशीच्या तशी पुन्हा क्वचितच येते. प्रत्येक वेळी वाट नवी आहे, पण मुक्कामाला पोहोचण्याची मात्रा कधी चुकत नाही. आपल्याकडील कसलेला तबलजी ठेका न मोडता त्यात भरणा करतो, त्याच्याशी याची तुलना करता येईल.

## व्हॉट्स गोइंग ऑन

व्हिएतनाम युद्ध आणि देशातील अशांतता यांच्या पार्श्वभूमीवर मार्व्हिन गे यांनी १९७० मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणे मुद्रित केले. अल क्लीव्हलँड, रेनाल्डो बेन्सन आणि स्वतः गे हे त्याचे रचनाकार होत. बेरी गॉर्डी यांना हे गाणे विकले जाईल असे वाटत नव्हते, तरी जानेवारी १९७१ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि अतिशय गाजले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच नावाची दीर्घ ध्वनिमुद्रिका आली.

या गाण्यासाठी गे यांना जेमर्सनच हवे होते. शोध घेता ते एका क्लबात सापडले, परंतु मद्याच्या अंमलामुळे त्यांना धड बसता येत नव्हते. तेव्हा त्यांनी जमिनीवर उताणे पडून, संयोजक डेव्हिड व्हॅन डी पिट यांनी लिहिलेले स्वर पाहत सारे वादन केले, अशी कथा सहकाऱ्यांनी सांगितली आहे. ही कथा रंगवून सांगितली जाते, मात्र तिच्यातील दुःखद भाग खरा होता. मद्यपानाने त्यांना तोवर घेरले होते. सुट्या ध्वनिमुद्रणातील बास मात्र निश्चल, गोलाईदार आणि विलक्षण नेमका आहे.

या दीर्घ ध्वनिमुद्रिकेवर मोटाउनने प्रथमच वादकांची नावे छापली आणि त्यांत जेमर्सन यांचा उल्लेख खास गौरवाच्या विशेषणासह झाला. यातील काही गाण्यांत बॉब बॅबिट या दुसऱ्या बासवादकाचे वादन आहे, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

## श्रेय आणि मोबदला

जेमर्सन यांची आर्थिक स्थिती वाईट होती असे म्हणता येणार नाही. १९६८ च्या सुमारास त्यांना आठवड्याला १,००० डॉलर असे निश्चित मानधन मिळत असे आणि त्या काळी ही रक्कम चांगली होती. परंतु गाण्याच्या विक्रीवरील स्वामित्वधन गीतकाराला आणि प्रकाशकाला मिळे, वादकाला नव्हे. बासची चाल वादकाने स्वतः रचलेली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती रचना नव्हती. वादकांनी इतर कंपन्यांसाठी वाजवू नये असा मोटाउनचा दंडक होता. तरीही जेमर्सन आणि त्यांचे सहकारी लपूनछपून बाहेर वाजवीत. जॅकी विल्सन यांचे 'हायर अँड हायर' (१९६७) हे गाणे असेच शिकागो येथे मुद्रित झाले.

निनावी राहण्याचा हा अनुभव केवळ अमेरिकेतला नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतही ध्वनिमुद्रिकेवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे येत, पण वाद्यवृंदातील वादकांची येत नसत. या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांचा वाटा मोठा होता. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव सर्वसामान्यांना कळले, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गाण्यामुळे. हिंदी गाण्यांच्या जुन्या ध्वनिफितीही ट्रॅकनिहाय उपलब्ध असत्या, तर अशा अनेक वादकांचे काम स्वतंत्रपणे ऐकता आले असते.

## लॉस एंजेलस आणि अखेरची वर्षे

१९७२ मध्ये मोटाउनने आपला कारभार लॉस एंजेलसला हलवला. डेट्रॉईटमधील वादकांना याची पूर्वसूचना जवळजवळ मिळाली नव्हती. पुढच्या वर्षी जेमर्सनही तिकडे गेले, मात्र कंपनीशी असलेला त्यांचा संबंध लवकरच संपला. इतर निर्मात्यांकडे त्यांना काही काळ काम मिळत राहिले. मॅरिलिन मकू आणि बिली डेव्हिस (धाकटे) यांचे १९७६ मधील 'यू डोन्ट हॅव टू बी अ स्टार' हे गाणे त्या काळातले आहे.

दरम्यान बास वाजवण्याची रीत बदलत होती. चकचकीत आवाजाच्या नव्या तारा, अंगठ्याने तार आपटून वाजवण्याची पद्धत आणि काटेकोरपणे तीच ती आकृती वाजवण्याची मागणी यांच्याशी त्यांचे जमले नाही. डेट्रॉईटमध्ये ज्या सवंगड्यांसोबत ते वाढले, ते येथे नव्हते. बेनी बेंजामिन यांचे १९६९ मध्येच निधन झाले होते. मद्यपान वाढले आणि त्याचा परिणाम कामाच्या नियमितपणावर झाला. हळूहळू बोलावणी बंद झाली.

मार्च १९८३ मध्ये मोटाउनचा रौप्यमहोत्सवी सोहळा पॅसाडेना येथे झाला. मे महिन्यात तो दूरदर्शनवरून देशभर दाखवला गेला. त्यासाठी जेमर्सन यांना आमंत्रण नव्हते. त्यांनी तिकीट विकत घेतले आणि मागच्या रांगांत बसून तो पाहिला, असे त्यांच्या चरित्रात नोंदवले आहे. पुढे थोड्याच महिन्यांत त्यांची लाडकी बास गिटारही चोरीला गेली. यकृताचा सिरोसिस, हृदयविकार आणि न्यूमोनिया यांमुळे २ ऑगस्ट १९८३ रोजी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेट्रॉईट येथील वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

## मरणोत्तर ओळख

गिटारवादक आणि लेखक ॲलन स्लट्स्की यांनी डॉ. लिक्स या टोपणनावाने 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' हे जेमर्सन यांचे चरित्र १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. लेखकाने पत्नी ॲनी, सहकारी आणि मित्र यांच्या मुलाखती घेतल्या आणि जेमर्सन यांच्या अनेक बासचाली कानाने ऐकून स्वरलिपीत उतरवल्या. सोबतच्या ध्वनिफितींत नामवंत बासवादकांनी त्या वाजवून दाखवल्या. एखाद्या साथीदाराच्या वादनाचा असा सविस्तर ग्रंथ होणे ही तोवर अपूर्व गोष्ट होती. याच नावाचा, पॉल जस्टमन यांनी दिग्दर्शित केलेला माहितीपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला आणि फंक ब्रदर्समधील हयात वादक प्रथमच सर्वांसमोर आले.

बीटल्समधील पॉल मॅकार्टनी यांनी आपल्यावरील जेमर्सन यांचा प्रभाव वेळोवेळी मान्य केला आहे. मात्र ज्या काळात हा प्रभाव घडला, त्या काळात मॅकार्टनी यांनाही या वादकाचे नाव ठाऊक नव्हते. आज बास शिकणारे विद्यार्थी जगभर त्यांच्या चाली पाठ करतात. सुट्या ध्वनिमुद्रणांमुळे त्यांना प्रत्यक्ष जेमर्सन यांच्याच शेजारी बसून शिकल्यासारखा अभ्यास करता येतो. डेट्रॉईटमधील हिट्सव्हिलचे घर १९८५ पासून मोटाउन संग्रहालय म्हणून जतन केले असून स्नेकपिटची खोली तेथे पाहता येते.

## निवडक गाणी

* माय गाय – मेरी वेल्स (१९६४)
* माय गर्ल – द टेम्प्टेशन्स (१९६४)
* यू कान्ट हरी लव्ह – द सुप्रीम्स (१९६६)
* रीच आउट आय विल बी देअर – फोर टॉप्स (१९६६)
* बर्नाडेट – फोर टॉप्स (१९६७)
* आय वॉज मेड टू लव्ह हर – स्टीव्ही वंडर (१९६७)
* एन्ट नो माउंटन हाय इनफ – मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल (१९६७)
* आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन – मार्व्हिन गे (१९६८)
* फॉर वन्स इन माय लाइफ – स्टीव्ही वंडर (१९६८)
* व्हॉट्स गोइंग ऑन – मार्व्हिन गे (१९७१)

## सन्मान

* रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदार वादकांसाठी सुरू झालेल्या नव्या विभागात पहिल्याच वर्षी समावेश (२०००)
* 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' या माहितीपटाच्या संगीताला दोन ग्रॅमी पुरस्कार (२००३)
* फंक ब्रदर्सचे सदस्य म्हणून ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार (२००४)
* रोलिंग स्टोन या अमेरिकन नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या सर्वकालीन पन्नास श्रेष्ठ बासवादकांच्या यादीत पहिले स्थान (२०२०)